लेथवर लाकूड कातण्याची प्रात्यक्षिक संध्याकाळ, भुसावळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळच्या आमच्या छंद मंडळात शनिवारी संध्याकाळी लेथवर लाकूड कातण्याचं प्रात्यक्षिक असतं. लेथ म्हणजे लाकूड गोल फिरवणारं यंत्र, आणि त्या फिरत्या लाकडाला हत्यार लावून आकार देणं म्हणजे कातणं. तारीख जाहीर झाली की जळगाव, यावल, फैजपूर, रावेरकडून फोन सुरू होतात. बरेचसे प्रश्न तेच असतात. पण लाकडाबद्दलची आणि सुरक्षिततेबद्दलची उत्तरं फोनवर घाईत देण्यासारखी नसतात, म्हणून ती इथे नीट लिहून ठेवली आहेत.

या संध्याकाळी नेमकं काय बघायला मिळतं?

दोन वस्तू, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पहिली म्हणजे भरीत ठेचायची मुसळी, बाभळीच्या चौकोनी तुकड्यातून. दुसरी म्हणजे वाडगा, आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या ओल्या ओंडक्यातून. मध्ये चहा.

या दोनच वस्तू निवडण्यामागे कारण आहे. मुसळीत लाकडाचे तंतू लेथच्या अक्षाला समांतर असतात, वाडग्यात ते आडवे असतात. सगळं तंत्र या एका फरकावर उभं आहे. मुसळी कातताना हत्यार जाड भागाकडून बारीक भागाकडे न्यायचं, म्हणजे कापल्या जाणाऱ्या तंतूला खालच्या तंतूंचा आधार राहतो. उलट नेलं तर तंतू उचकटतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. वाडग्याची बाहेरची बाजू मात्र बुडापासून काठाकडे कातायची आणि आतली काठापासून मध्याकडे. प्रात्यक्षिक करणारे मिस्तरी मुद्दाम एकदा उलट्या दिशेने कातून दाखवतात आणि तो तुकडा तुमच्या हातात देतात. बोट फिरवलं की जे कळतं ते सांगून कळत नाही.

दोन्ही वस्तू त्याच संध्याकाळी हातात घेता येतील अशा होतात. वाडगा ओल्या लाकडाचा असल्याने तो पूर्ण झाला असं मात्र म्हणता येत नाही. त्याबद्दल पुढे सुकवण्याच्या प्रश्नात लिहिलं आहे.

मला सुतारकामातलं काहीच येत नाही. आलो तर चालेल का?

चालेल. येणाऱ्यांत शिक्षक असतात, शेतकरी असतात, बँकेतून निवृत्त झालेले असतात, कॉलेजची मुलं-मुली असतात. पटाशी आणि रंधा यांतला फरक माहीत नसला तरी काही अडत नाही.

वेळ काय, आणि फी किती?

संध्याकाळी ६ ते ९. फी नाही. दारात एक डबा ठेवलेला असतो, पॉलिश पेपर आणि चहाचा खर्च त्यातून निघतो. बाहेरगावहून रेल्वेने येणाऱ्यांनी परतीची गाडी ९ नंतरची बघावी. वाडग्याचा आतला भाग शेवटच्या अर्ध्या तासात होतो आणि नेमका तोच भाग चुकवू नये असं आम्हाला वाटतं.

संध्याकाळीच का? रविवारी सकाळी ठेवलं तर जास्त लोक येतील.

आमची जागा पत्र्याच्या शेडमध्ये आहे. एप्रिल-मेमध्ये भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारीच काय, सकाळी अकरालाही शेडमध्ये बसवत नाही. शिवाय ओलं लाकूड अशा हवेत कातता कातता तडकतं.

मुलांना आणू का?

आणा. लेथच्या समोर पारदर्शक पॉलिकार्बोनेटची शीट उभी केलेली असते, बसायची जागा तिच्या मागे. दहा-बारा वर्षांच्या पुढची मुलं तीन तास टक लावून बघतात. त्याहून लहान मुलं भोवरा होईपर्यंत थांबतात. मिस्तरी चहाच्या आधी एक भोवरा काढून देतातच. लहान मुलाला मात्र मोठ्या माणसाच्या हाताशीच बसवा. मशीन चालू असताना शीटच्या पलीकडे कोणीही येणार नाही, हा नियम मोठ्यांनाही आहे.

कपड्यांबद्दल एवढं का सांगता?

कारण फिरणारं लाकूड कापड ओढून घेतं आणि ते सोडवायला वेळ मिळत नाही. नुसतं बघायला येणार असाल तर नेहमीचे कपडे चालतील. शेवटी छोट्या लेथवर हात चालवून बघायचा असेल तर अर्ध्या बाहीचा अंगाबरोबरचा सदरा किंवा कुडता हवा. ओढणी, उपरणं, मफलर, गळ्यातली लांब साखळी काढून ठेवायची. साडीचा पदर खोचून चालत नाही. ज्या ताई-मावशींना करून बघायचंय त्यांनी ड्रेस घालून यावं, किंवा आमच्याकडचा मागून बांधायचा कोट घालावा. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढायचं. केस घट्ट बांधायचे. पायात चप्पल नको, बूट हवेत.

हातमोजे घालू का, असं पुष्कळ जण विचारतात. लेथवर हातमोजे कधीही घालायचे नाहीत. कापडाचा एक धागा अडकला तरी त्याच्याबरोबर बोट जातं.

स्वतः करून बघायला मिळेल का?

थोडंसं. शेवटी लहान लेथवर, मिस्तरी शेजारी उभे असताना, एका वेळी एक जण. सगळ्यांचा नंबर लागेलच असं नाही. खरं शिकायचं असेल तर आठवड्यातल्या सरावाच्या दिवशी या. तिथे गर्दी नसते आणि एका माणसाला सलग तासभर मिळतो. घाईत दहा जणांना दोन-दोन मिनिटं देण्यापेक्षा ते बरं, असं आमचं ठाम मत आहे.

मी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर लेथ चालवला. लाकडाचा लेथ सहज जमेल ना?

रेल्वेचं गाव असल्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो, आणि असा माणूस आला की आम्हाला आनंद होतो. यंत्राची भीती नाही, चक (फिरणारा तुकडा पकडून ठेवणारा लेथचा जबडा) म्हणजे काय, सेंटर जुळवणं म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. हत्याराचं पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरणं म्हणजे काय तेही माहीत असतं.

तरी दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. धातूच्या लेथवर टूल टूलपोस्ट नावाच्या पकडीत आवळलेलं असतं, कॅरेज हा सरकता भाग त्याला पुढे नेतो. इथे हत्यार नुसतं टूल रेस्टवर, म्हणजे लाकडासमोरच्या आधाराच्या पट्टीवर, टेकलेलं असतं आणि ते तुमच्या दोन्ही हातांत असतं. कोन किती, जोर किती, वळवायचं कधी, हे सगळं शरीर ठरवतं. म्हणून मिस्तरींचे हात बघताना त्यांचे पायही बघा. वाडग्याच्या कडेवरून हत्यार जाताना हात जवळजवळ हलत नाहीत, ते कमरेतून झुकतात आणि वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेतात.

दुसरी गोष्ट वेगाची. हायस्पीड स्टीलच्या टूलने माइल्ड स्टील कापताना मिनिटाला साधारण ३० मीटरचा वेग धरतात. इथे १५० मिलिमीटर व्यासाचं लाकूड मिनिटाला १२०० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याच्या कडेचा वेग मिनिटाला ५६५ मीटरच्या आसपास जातो. चूक झाली की ती समजण्याच्या आतच होऊन गेलेली असते.

आणखी एक सवय मोडावी लागते. धातूवाले सुरुवातीला हत्यार आडवं, सपाट लावून खरवडतात. लाकूड खरवडलं तरी आकार येतो, पण पृष्ठभागावरचे तंतू फाटतात. धारेमागचा जो उतार असतो, ज्याला आम्ही बेव्हल म्हणतो, तो आधी लाकडावर नुसता घासू द्यायचा. या क्षणी काहीच कापलं जात नाही. मग मूठ हळू वर उचलायची. धार लाकडाला भेटते आणि सलग लांब छिलका निघायला लागतो. आधी रेस्टवर टेक, मग बेव्हल, मग कापणं, हा क्रम बदलायचा नाही. वर्कशॉपमधल्या मंडळींना हे एकदा हातात बसलं की ते इतरांच्या फार पुढे जातात.

वेग किती ठेवायचा, याचा काही ठोकताळा आहे का?

आहे. इंचातला व्यास आणि मिनिटाच्या फेऱ्या यांचा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवतात. सहा इंची वाडग्याला १००० ते १५०० फेऱ्या, दहा इंचीला ६०० ते ९००. हा गोल आणि समतोल झालेल्या लाकडाचा हिशेब आहे. ओबडधोबड ओंडका पहिल्यांदा चढवला की त्याहून बराच कमी वेग ठेवायचा, आणि लेथ थरथरायला लागला की आणखी कमी. नव्या माणसाने खालचाच आकडा धरावा.

चालू करण्यापूर्वी लाकूड हाताने एक पूर्ण फेरी फिरवून बघायचं, कुठे रेस्टला लागतंय का ते. चकची चावी काढली का ते बघायचं. चेहऱ्यावर पूर्ण ढाल हवी, नुसता चष्मा पुरत नाही. स्विच दाबताना लाकडाच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. तुकडा सुटला तर तो त्याच रेषेत जातो. रेस्ट सरकवायचा तर आधी मशीन पूर्ण थांबवायची.

आमच्या शेडमध्ये जुन्या ट्यूबलाइट आम्ही काढून टाकल्या आहेत. ५० हर्ट्झच्या विजेवर त्या सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि ठरावीक वेगाला फिरतं लाकूड थांबल्यासारखं किंवा उलटं फिरल्यासारखं दिसू शकतं. घरी लेथ बसवणाऱ्यांनी दिव्याचा हा विचार आधी करावा.

लाइट गेली तर?

जाते. मिस्तरी हत्यार लगेच लाकडापासून दूर घेतात आणि स्विच बंद करतात. महत्त्वाचं आहे ते लाइट परत येण्याचं. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरला आपण ‘ऑटो’ बसवतो, रात्री-अपरात्री वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून. लेथला हे कधीही करू नका. लेथला असा स्विच हवा की वीज गेली की तो सुटतो आणि हाताने दाबल्याशिवाय पुन्हा लागत नाही. घरी जुगाड करून मोटर बसवणाऱ्यांना आम्ही हे वारंवार सांगतो.

आणि लेथला वीज लागतेच असंही नाही. इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारासचं, लेथचं कोरीव चित्र आहे. त्यात एक जण दोरी ओढून लाकूड फिरवतो आणि दुसरा कातत असतो. आपल्याकडच्या कातारी लोकांचा जुना लेथही दोरीचाच. दोरी एकदा इकडे, एकदा तिकडे, म्हणून कापणं फक्त अर्ध्या वेळेत, लाकूड आपल्याकडे येत असताना. तशा लेथवर पाळण्याच्या दांड्या, पलंगाचे पाय, देव्हाऱ्याचे खांब, ताक घुसळायच्या रव्या झाल्या. खानदेशातल्या जुन्या वाड्यांत कातीव लाकूडकाम दिसलं तर जवळ जाऊन बघा, हत्यार कुठे वळलंय ते कडेवर वाचता येतं.

लाइट बराच वेळ आली नाही तर आम्ही दोरीचा छोटा लेथ काढतो. काही जणांना तो भाग जास्त आवडतो.

मिस्तरी सारखे उठून धार लावायला का जातात?

कारण धार नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे. मुसळीसारख्या छोट्या वस्तूतही ते मधेच ग्राइंडरकडे जातात, आणि पहिल्यांदा येणाऱ्यांना वाटतं की हत्यार खराब आहे. तसं नाही. लाकूड सेकंदाला कित्येक मीटर धारेवरून जातं, बाभळीसारखं कठीण लाकूड तर धार लवकर मारतं, आणि सागात वाळूतलाच सिलिका असल्यामुळे मऊ वाटणारा सागही हत्यार बोथट करतो.

बोथट हत्याराची लक्षणं बघायला शिका. लांब छिलक्यांऐवजी भुसा पडायला लागतो. आवाज बदलतो. हाताला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की हत्यार अडकून लाकूड ते ओढून घेण्याची शक्यता वाढते. म्हणजे धार हा फक्त सफाईचा प्रश्न नाही, सुरक्षिततेचाही आहे.

वाडग्याच्या गोल पटाशीला बेव्हलचा कोन साधारण ५० ते ६० अंश ठेवतात, मुसळीसारख्या लांब कामाच्या गोल पटाशीला ३५ ते ४०. कोन हाताने दर वेळी सारखा येत नाही, म्हणून ग्राइंडरपुढे जिग, म्हणजे हत्यार ठरलेल्या कोनात धरणारा साचा, लावतात. जुन्या कार्बन स्टीलच्या पटाश्या असतील तर ग्राइंडरवर निळ्या पडू देऊ नका. निळी पडली की तेवढ्या भागाचं पाणी गेलं. हायस्पीड स्टील ही उष्णता सहन करतं, म्हणून लेथसाठी तेच घ्यावं. घरातली सुतारकामाची पटाशी लेथवर वापरायची नाही. तिचा पाता आणि मूठ या कामाच्या धक्क्यासाठी बनलेले नसतात.

आपल्याकडचं कोणतं लाकूड कातायला चांगलं?

या प्रश्नासाठीच ही संध्याकाळ आम्ही सुरू केली, असं म्हटलं तरी चालेल. बांधावरची बाभूळ, अंगणातला कडुनिंब, वादळात पडलेला आंबा, यातलं बरंचसं लाकूड आपल्याकडे चुलीत किंवा वीटभट्टीत जातं. त्यात वाडगे आहेत, लाटणी आहेत, हत्यारांच्या मुठी आहेत. ओंडका फाडून आतली रेषा बघितल्याशिवाय तो जाळायला देऊ नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पहिल्या वाडग्यासाठी आंबा. मऊसर, सहज मिळणारा, हत्याराला फार त्रास न देणारा. पडून राहिलेल्या आंब्यात बुरशीमुळे राखाडी-काळ्या रेघा येतात आणि त्या वाडग्यावर फार सुंदर दिसतात. लाकूड मात्र भुसभुशीत झालेलं नको.

बाभूळ कठीण, लालसर तपकिरी, चिवट. बैलगाडीच्या चाकांना आणि अवजारांना तिचा वापर पिढ्यान्‌पिढ्या झाला तो उगाच नाही. मुसळी, लाटणं, मुठी यांना तिच्यासारखं लाकूड नाही. तिच्या बाहेरच्या फिकट लाकडात किडा लागतो, म्हणून जुने लोक ओंडके पाण्यात बुडवून ठेवत. तो फिकट भाग आम्ही काढूनच टाकतो.

कडुनिंब कातायला बरा, पण त्याचे तंतू थोडे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे शेवटचा हात हलका आणि धार ताजी हवी. त्याच्या भांड्याला सुरुवातीला कडवट वास असतो. फळं ठेवायला चालेल, दही ठेवायला आम्ही देत नाही. बोरीचं लाकूड लोक विसरलेत. ते कठीण आणि लालसर असतं, छोट्या कामाला उत्तम.

सातपुड्याकडचा हळदू पिवळसर, एकसारख्या पोताचा, कातायला सुख. काळ्या कुड्याचं लाकूड पांढरं आणि बारीक पोताचं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची रंगीत खेळणी याच झाडाच्या लाकडाची होतात. अंजन हे खानदेशच्या कोरड्या जंगलातलं खास झाड. त्याचं लाकूड सुकल्यावरही पाण्यात बुडतं इतकं जड. त्याचा भोवरा फार वेळ फिरतो, पण नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. शिसव देखणं आहे, मात्र त्याचा भुसा काहींच्या त्वचेला झोंबतो.

कण्हेर, पांढरी असो वा पिवळी, कशालाही वापरू नका. झाड विषारी आहे. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आपल्या गावात सहज मिळतात आणि त्यांचं लाकूड मोहात पाडतं. पण अनेक स्लीपरना क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवण्याचं डांबरी तेल, पाजलेलं असतं आणि ते आरोग्याला घातक आहे. काळपट, डांबरासारखा वास येणारा तुकडा लेथवर चढवायचा नाही. आमच्याकडे आणला तर आम्ही परत पाठवतो.

शेतात झाड पडलंय. ओंडका घेऊन येऊ का?

वीतभर रुंदीचे तुकडे आणा, आम्ही आनंदाने घेऊ. पडलेलं झाड आणि तोडलेलं झाड यात मात्र फरक आहे. राज्यात १९६४ पासून वृक्षतोडीचं नियमन करणारा कायदा आहे. साग, आंबा, चिंच, मोह, अंजन अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरी भागासाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. शंका असेल तर आधी वनविभागाकडे किंवा नगरपालिकेत विचारा. वाडग्यासाठी झाड तोडू नये हे आम्ही सांगायची गरज नसावी. पडलेलं, छाटलेलं, वठलेलं लाकूड आपल्या सगळ्यांना पुरून उरेल इतकं आहे.

जुन्या वाड्याचं लाकूड आणणार असाल तर खिळे काढून आणा. एक खिळा धार घालवतो आणि उडाला तर डोळ्यावर येतो. जुना ऑइलपेंट असेल तर तो घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

ओलं लाकूड सुकवायचं कसं? आमच्या वाडग्याला दर वेळी तडा जातो.

खानदेशातला हा सगळ्यात मोठा त्रास. हवा कोरडी आणि उन्हाळा कडक, त्यामुळे ओंडक्याची टोकं आतल्या भागाच्या कितीतरी आधी सुकतात, आकसतात आणि तडकतात. पाणी टोकांमधून सगळ्यात लवकर बाहेर पडतं. म्हणून झाड कापलं त्याच दिवशी दोन्ही टोकांना वितळलेलं मेण किंवा उरलेला ऑइलपेंट जाड थरात लावा. दुसऱ्या दिवशी लावलं तर उशीर झालेला असतो.

ओंडक्याच्या अगदी मधला बिंदू, जिथून झाड वाढायला लागलं, तो वाडग्यात ठेवू नका. ओंडका मधोमध उभा चिरा आणि तो भाग काढून टाका. लाकूड वर्तुळाच्या दिशेने जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच मध्याच्या दिशेने आकसतं, आणि लांबीत जवळजवळ आकसतच नाही. या ओढाताणीमुळे मधला बिंदू ठेवलेला वाडगा फुटतोच.

मग वाडगा दोनदा कातायचा. पहिल्यांदा ओला असताना, भिंतीची जाडी व्यासाच्या साधारण एक दशांश ठेवून, म्हणजे दहा इंची वाडग्याला एक इंच. त्यावर तारीख आणि वजन लिहायचं, जुन्या वर्तमानपत्रात किंवा कागदी पिशवीत गुंडाळायचा आणि घरातल्या सगळ्यात गार, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात ठेवायचा. गच्चीवर नाही, कूलरच्या झोतात नाही. काही आठवड्यांनी वजन करत राहायचं. वजन उतरायचं थांबलं की तो सुकला. तोवर तो लंबगोल झालेला असतो, म्हणून तर जाडी जास्त ठेवली. आता पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा आणि पातळ करायचा.

सुरुवात पावसाळ्यात करा, हवा दमट असताना. मे महिन्यात ओला वाडगा कातून उघडा ठेवला तर काही तासांत तडा दिसतो.

केळीच्या खोडाचं काही करता येतं का? आमच्याकडे ते ढिगाने आहे.

रावेर-यावलकडून हा प्रश्न येणारच. लेथवर नाही. केळीचं खोड म्हणजे एकावर एक गुंडाळलेले पानांचे देठ, त्यात लाकूड नसतं. त्याचा धागा निघतो, तो वेगळा विषय.

खाण्याच्या भांड्याला तेल कोणतं लावायचं?

शेंगदाण्याचं तेल लावू नका. ते सुकत नाही, चिकट राहतं आणि काही दिवसांनी खवट वास येतो. जवसाचं कच्चं तेल हवेत सुकून घट्ट होतं, ते लावा. हळू सुकतं, म्हणून पातळ थर द्या, जास्तीचं पुसून घ्या, आणि दोन थरांत काही दिवसांचं अंतर ठेवा. त्यावर मधमाशीचं मेण घासलं की छान तुकतुकी येते. पेंटच्या दुकानात मिळणाऱ्या डबल बॉइल्ड जवस तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंची द्रव्यं घातलेली असतात, ते खाण्याच्या भांड्याला नको.

तेल पुसलेल्या चिंध्यांबद्दल अगदी गंभीरपणे सांगतो. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं. चिंधीचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो, आणि आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच. चिंध्या दोरीवर मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मला दमा आहे. यावं का?

हत्याराने निघणारे छिलके जड असतात, ते खाली पडतात. त्रास देतो तो पॉलिश पेपर मारताना उडणारा बारीक भुसा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुशाला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवलं आहे, तेव्हा हा विषय फक्त दमेकऱ्यांचा नाही. पॉलिश पेपरच्या वेळी आम्ही एक्झॉस्ट पंखा लावतो आणि मिस्तरी मास्क घालतात. तुम्ही एन-९५ मास्क घेऊन या आणि दाराजवळ बसा. तो दहा मिनिटांचा भाग बाहेर चहा घेत घालवला तरी फार काही चुकत नाही.

रंगीत लाखकाम दाखवता का?

दर वेळी नाही, वेगळी संध्याकाळ ठेवतो. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते, मग केवड्याच्या पानाने ती पसरवून चकाकी आणतात. सावंतवाडी आणि चन्नपट्टणची नावं सगळ्यांना माहीत असतात. पण नंदुरबारच्या बाजूला राहणाऱ्यांनी सीमेपलीकडे गुजरातमधल्या संखेड्याला एकदा जाऊन यावं. कातलेल्या सागाचे रंगीत झोपाळे आणि खुर्च्या तिथे आजही होतात. लाखेचे किडे पळस आणि बोरीवर वाढतात, आणि ही दोन्ही झाडं आपल्याकडे भरपूर आहेत.

घरी लेथ घ्यायचाय. कोणता घेऊ?

आधी तीन-चार वेळा सरावाला या. मग जड घ्या. हलका लेथ थरथरतो आणि थरथरीत काम साफ येत नाही. वेग फिरवून कमी-जास्त करता येणारा असेल तर उत्तम. त्यासाठी थ्री-फेज मोटर आणि सिंगल-फेजवर चालणारा ड्राइव्ह बसवून घेता येतो. स्पिंडलचे आटे कोणते ते विचारा. मध्यम आकाराच्या लेथला बहुधा १ इंच ८ टीपीआय (१ इंच व्यास, इंचाला ८ आटे) असतात, मोठ्या युरोपीय पद्धतीच्या लेथला एम ३३ (३३ मिलिमीटर व्यास). पुढे चक घेताना हे जुळलं नाही तर पैसे वाया. सगळे पैसे लेथवर घालू नका. ग्राइंडर, जिग, चक आणि तीन-चार चांगली हत्यारं यांचा खर्च लेथच्या जवळ जातो. हत्यारांचा पंधरा नगांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा एक गोल पटाशी चांगली घ्या.

प्रश्न अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत विचारला तर चालेल?

चालेल, आणि उत्तरही तसंच मिळेल.

छिलके न्यायला मिळतील का?

मिळतील, गोणी घेऊन या. झाडांच्या आळ्यात वरून पसरा, ओल टिकते. मातीत मिसळू नका, कुजताना ते मातीतलं नत्र ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं. गोठ्यात किंवा कोंबड्यांखाली अंथरायला हवे असतील तर आधी सांगा. त्या दिवशी कोणतं लाकूड कातलं ते बघून आंब्याचे आणि बाभळीचे छिलके वेगळे काढून ठेवू.